मुंबईवरचे दहशतवादी हल्ले, १९९३ ते २०११: कोणता खटला टिकला, कोणता ढासळला आणि का

साक्षीपुरावा (धागाकर्ता)

२०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या आत दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बाँबस्फोटांतल्या बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. दोन्हींवर सगळीकडे भरपूर आरडाओरडा झाला, पण निकालपत्रात नेमकं काय लिहिलंय यावर फार कमी बोललं गेलं. म्हणून हा धागा. कोण कुठल्या धर्माचा, कुठल्या पक्षाचा यावर इथे चर्चा नको. पंचनामा, जप्ती, ओळखपरेड, कबुलीजबाब आणि किनारा यांवर लिहा.

आधी मोठे हल्ले एका दमात:

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट. त्यानंतर दोन-सव्वादोन तासांत कथा बाजार, सेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, एअर इंडिया इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा, सी रॉक, दोन्ही सेंटॉर हॉटेलं. माहीमच्या कोळीवाड्यात आणि सहार विमानतळावर हातबाँब. मृत्यू २५७, जखमी ७१३.

२००२-०३ मध्ये घाटकोपर, विलेपार्ले, मुलुंड अशी स्फोटांची मालिका. तिचा शेवट २५ ऑगस्ट २००३ ला, गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार इथे टॅक्सींतल्या स्फोटांनी. पन्नासहून जास्त मृत्यू.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या सात लोकल, पहिल्या वर्गाचे डबे, ६:२४ ते ६:३५ अशा अकरा मिनिटांत सात स्फोट. १८० हून जास्त मृत्यू, आठशेहून जास्त जखमी.

२६ ते २९ नोव्हेंबर २००८. दहा हल्लेखोर, १६६ मृत्यू.

१३ जुलै २०११. झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादरचा कबुतरखाना.

मालेगावचे २००६ आणि २००८ हे दोन्ही स्फोट आणि पुण्याच्या जर्मन बेकरीचा (१३ फेब्रुवारी २०१०, १७ मृत्यू) मुंबईबाहेरचे असले तरी तपासयंत्रणा तीच, म्हणून तेही धाग्यात चालतील.

माझं म्हणणं एवढंच: वीस वर्षांनी लागणारा निकाल बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार दिवसांत ठरलेला असतो. १९९३ आणि २६/११ चे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले ते कडक कायद्यामुळे नाही, वस्तू बोलल्या म्हणून.

---

रोहा_रेवदंडा

चांगला धागा. १९९३ ची सुरुवात १२ मार्चपासून करणं मात्र मला पटत नाही, ती जानेवारीत होते. स्फोटांसाठीचा पहिला माल उतरला रायगडात श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला, आणि मग ३ आणि ७ फेब्रुवारीला शेखाडीला, ज्यात आरडीएक्स होतं. म्हणजे स्फोटांच्या दोन महिने आधीपासून माल याच किनाऱ्यावरून आत येत होता.

आणि तो कोणाला दिसला नाही असं नव्हतंच. ९ जानेवारीच्या रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. पैसे ठरले आणि गाड्या पुढे गेल्या. चांदी-सोन्याच्या तस्करीची ती जुनीच वाट. प्रत्येक लँडिंगमागे कस्टम आणि पोलिसांचा दर ठरलेला असायचा, त्यामुळे पेटीत काय आहे हे उघडून बघायची सवयच गेली होती. या प्रकरणात कस्टमचे आणि पोलिसांचे लोक दोषी ठरले आणि २१ मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस, कस्टम आणि तटरक्षक दल या तिघांवरही ताशेरे ओढले.

किनाऱ्याची सुरक्षा म्हटलं की लोकांना बोटी आणि रडार आठवतात. १९९३ ला बोटी होत्या, नाकी होती, माणसंही होती.

---

कागदी_घोडा

धागाकर्त्याच्या शेवटच्या वाक्याला उदाहरण देतो. १९९३ चा तपास उलगडला तो वरळीत सीमेन्स कारखान्याजवळ सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनवरून. आत एके-५६ रायफली आणि हातबाँब. आरटीओच्या नोंदीवरून गाडी कटातला एक मुख्य आरोपी टायगर मेमन याच्या कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर निघाली, पत्ता माहीमची अल-हुसैनी इमारत. पोलीस त्याच रात्री तिथे पोचले, पण घर बंद, माणसं देशाबाहेर.

त्या घरात एका स्कूटरची किल्ली सापडली. शहरात काही स्कूटर अशा मिळाल्या होत्या ज्यांत स्फोटकं भरली होती पण फुटली नव्हती. त्यातली एक नायगाव क्रॉस रोडवर होती. ती किल्ली त्या स्कूटरला लागली.

बचावाचा वकील कितीही मोठा असो, किल्ली आणि कुलूप यांची उलटतपासणी करता येत नाही. कबुलीजबाब मागे घेता येतो, साक्षीदार फिरतो, किल्ली फिरत नाही. टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयात १२३ पैकी १०० आरोपी दोषी ठरले. टाडाच्या कलम १५ खालचे कबुलीजबाब त्यात महत्त्वाचे होते हे खरं, पण त्यांना आधार देणाऱ्या अशा वस्तू जागोजागी होत्या.

---

मीनल_द

एक शंका. १९९३ चे स्फोट काही ठिकाणी बारा लिहिलेले असतात, काही ठिकाणी तेरा. बरोबर कोणतं?

---

कागदी_घोडा

मीनलताई, खटल्यातला आकडा बारा. त्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून मशीद बंदरचं एक जास्तीचं ठिकाण मुद्दाम सांगितलं होतं. बाकीची ठिकाणं हिंदूबहुल असल्याने दंगल पुन्हा भडकू नये म्हणून तसं केलं, हे त्यांनी नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे, ९०० माणसं मेली होती. त्या जखमा दोन महिन्यांच्या होत्या. गोंधळ बराचसा तिथून आलाय.

---

साक्षीपुरावा

आता २००६ कडे येतो, कारण मुद्दा तिथेच आहे.

विशेष मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने २०१५ मध्ये १३ पैकी १२ जणांना दोषी धरलं होतं, पाच फाशी, सात जन्मठेप. उच्च न्यायालयाने ते सगळं रद्द केलं. कारणं चार गटांत मांडतो.

पहिला, प्रत्यक्षदर्शी. काही टॅक्सीवाल्यांनी आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगितलं. पण ते पोलिसांसमोर आले घटनेनंतर शंभराहून जास्त दिवसांनी. न्यायालयाचा प्रश्न साधा होता: रोज कितीतरी भाडी मारणाऱ्या माणसाला शंभर दिवसांनी एका गिऱ्हाइकाचा चेहरा का आठवावा? लक्षात राहण्यासारखं काही घडलं असेल तर ते नोंदीत यायला हवं होतं.

दुसरा, ओळखपरेड. ती घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक त्या वेळी संपलेली होती. ज्याला अधिकारच नाही त्याने घेतलेली परेड पुरावा म्हणून वाचली जात नाही.

तिसरा, कबुलीजबाब. मकोकाच्या कलम १८ खाली उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेले. वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांत मजकूर जसाच्या तसा सारखा, शिवाय वैद्यकीय कागदांवरून मारहाणीची शक्यता दिसते असं न्यायालयाने म्हटलं.

चौथा, जप्ती. आरडीएक्स, डिटोनेटर, सर्किट बोर्ड जप्त झाल्याचं दाखवलं, पण ते प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाच्या ताब्यात होतं, सील नीट होतं का, हे सिद्ध झालं नाही. बाँब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

आता याच्या शेजारी २००३ चं गेटवे प्रकरण ठेवा. तिथेही साक्षीदार टॅक्सीवालाच. स्फोट झाला तेव्हा तो टॅक्सीत नव्हता म्हणून वाचला, आणि गाडी त्याचीच असल्याने तपास लगेच त्याच्यापर्यंत पोचला. गाडी भाड्याने घेऊन फिरलेलं कुटुंब त्याला आठवत होतं, कारण सहवास एका फेरीपुरता नव्हता. तो खटला पोटा (२००२ चा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयात आणि मग उच्च न्यायालयातही टिकला. दोन्हीकडे टॅक्सीवालेच, फरक पडला तो किती दिवसांनी आणि किती वेळच्या सहवासावर जबाब दिला यात.

---

निवृत्त_मुद्देमाल

सीलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वर्तमानपत्रात 'तांत्रिक कारणावरून सुटले' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला ते क्षुल्लक वाटतं.

वस्तू जागेवर मिळाली की दोन स्वतंत्र पंचांसमोर वर्णन, माप, वजन पंचनाम्यात येतं. नमुना वेगळा काढतात, पाकीट बंद करून दोऱ्यावर लाखेचं सील, आणि आत-बाहेर पंचांच्या सह्यांचं लेबल. सीलचा ठसा पंचनाम्यावरही उमटवतात, म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस ताडून पाहू शकतो. मग पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरला नोंद, अनुक्रमांक, तारीख, वेळ. तिथून कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नेताना कोणत्या हवालदाराने, कोणत्या जावक क्रमांकाच्या पत्रासोबत, कधी नेलं. प्रयोगशाळेने पोच देताना 'सील शाबूत, नमुन्याप्रमाणे' असा शेरा मारायचा.

यात कुठेही एक कडी निखळली तर बचाव पक्ष एवढंच विचारतो: या तीन दिवसांत पाकीट कुठे होतं? त्याला उत्तर नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही पक्का असला तरी तो 'आरोपीकडे सापडलेल्या' वस्तूचा राहत नाही, कुठल्यातरी वस्तूचा अहवाल होतो.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. पंच पोलिसांच्या ओळखीचे, दर खटल्यात तेच. सीलचा शिक्का तपास अधिकाऱ्याच्याच खिशात राहणं, म्हणजे पाकीट कधीही उघडून पुन्हा बंद करता येतं. नमुना पाठवायला महिनोन्‌महिने उशीर. आणि ठाण्यात बसून, आठवून लिहिलेला पंचनामा, ज्यात वेळा जुळत नाहीत.

ओळखपरेडचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एक संशयित असेल तर किमान अर्धा डझन माणसं रांगेत हवीत, दोन असतील तर दहा-बारा, आणि ती दिसायला, वयाला साधारण सारखी. संशयिताला जागा आणि कपडे बदलायची मुभा द्यायची. पोलीस त्या खोलीत थांबता कामा नयेत. आणि परेडच्या आधी आरोपीचा फोटो टीव्हीवर दाखवला असेल तर परेड घेऊन उपयोगच नाही. मोठ्या प्रकरणांत हे सर्रास होतं.

---

समीर_ठाणे

सगळं मान्य, पण २६/११ चं उदाहरण फसवं आहे असं वाटतं. आरोपी जिवंत पकडला गेला, फोटो होते, हजारो लोकांनी पाहिलं. तो खटला टिकणारच होता.

---

साक्षीपुरावा

समीर, अर्धं बरोबर. कसाब जिवंत मिळाला तो तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीला रायफलीची नळी सोडली नाही म्हणून. ते नसते तर दहाही प्रेतं असती आणि सीमेपलीकडे कोणीच काही मानलं नसतं.

पण सीएसटीवर गोळीबार केला हे सिद्ध होणं एक आणि हा कट कराचीत रचला हे सिद्ध होणं दुसरं. दुसरं सिद्ध झालं ते 'कुबेर' या पोरबंदरच्या मच्छीमार बोटीवरच्या सामानावरून. पाकिस्तानी बनावटीची टूथपेस्ट, शेव्हिंग क्रीम, पिठाची पोती, थुराया उपग्रह फोन. जीपीएस यंत्रांत कराचीहून मुंबईपर्यंतच्या मार्गाच्या नोंदी. बोटीवरच्या कपड्यांवरचे घामाचे डाग डीएनए चाचणीत हल्लेखोरांशी जुळले. बधवार पार्कला ज्या रबरी होडीतून उतरले तिच्या यामाहा इंजिनाचा माग कराचीच्या आयातदारापर्यंत लागला.

कबुलीजबाबही पोलिसांसमोरचा नव्हता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली नोंदवला, आधी पोलिसांच्या ताब्यातून बाहेर काढून, पुन्हा पुन्हा विचाराला वेळ देऊन. नंतर त्याने तो फिरवला, तरी सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ ला तो ऐच्छिक मानला.

आणि त्याच खटल्यात जे ढासळलं तेही बघा. दोन भारतीय आरोपींवर नकाशे काढून दिल्याचा आरोप होता. तो नकाशा एका मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात मिळाल्याचं दाखवलं. पँट रक्ताने भिजलेली आणि कागदावर रक्ताचा डाग नाही, चुरगळल्याची खूण नाही. विशेष न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवला नाही, दोघे सुटले, वरच्या दोन्ही न्यायालयांनीही तेच कायम ठेवलं. एकच खटला, तेच न्यायाधीश, तेच सरकारी वकील, आणि त्यातला एक कागद जरा जास्त स्वच्छ निघाला.

---

समीर_ठाणे

नकाशाचा मुद्दा माहीत नव्हता. पटलं.

---

गिरणा_मोसम

मालेगावबद्दल. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा माणसं मेली, त्यात लहान मूलही होतं. खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले, तीसहून जास्त फितूर झाले. न्यायालयाने काय म्हटलं ते वाचून इथल्या माणसाचा जीव जळतो: स्पॉट पंचनाम्यात जागेचा नकाशा काढला नाही, बोटांचे ठसे घेतले नाहीत, परिसरातल्या मोबाइलचा डंप डेटा (त्या वेळी टॉवरला जोडलेल्या सगळ्या फोनची नोंद) काढला नाही, नमुने दूषित झाले. एलएमएल फ्रीडम मोटारसायकलचा चासी क्रमांक पूर्ण मिळवता आला नाही, त्यामुळे ती कोणाची हे सिद्ध होत नाही. बाँब त्या गाडीवरच होता हेसुद्धा सिद्ध नाही. जखमींच्या काही वैद्यकीय दाखल्यांत फेरफार आढळला. आणि यूएपीएखालची (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा) मंजुरी सदोष.

स्फोटानंतर गर्दी चिडली होती, दगडफेक झाली, जागा तुडवली गेली. ते समजण्यासारखं आहे. पण मग नमुने घेताना 'जागा सुरक्षित नव्हती' असं प्रामाणिकपणे लिहायला हवं, म्हणजे न्यायालय त्या पुराव्याचं वजन ठरवू शकतं.

८ सप्टेंबर २००६ चं तर आणखी वाईट. शब-ए-बरातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, बडा कब्रस्तानात स्फोट. तीसहून जास्त मृत्यू. नऊ स्थानिक मुस्लिम तरुण पकडले गेले, वर्षानुवर्षं आत राहिले, आणि नंतर एनआयएच्या (राष्ट्रीय तपास यंत्रणा) तपासाने पूर्ण वेगळी दिशा घेतली. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. या गावात दोन स्फोट झाले आणि मेलेल्यांच्या घरच्यांना आजही कोणी केलं याचं उत्तर नाही. निकालाने मृतांच्या कुटुंबांना दोन-दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार देण्याचा आदेश दिला, पण त्यांनी पैसे मागितले नव्हते.

---

वकिली_डायरी

कायद्याचं थोडक्यात, कारण वर टाडा, पोटा, मकोका, यूएपीए सगळी नावं आलीत.

टाडा १९९५ ला संपू दिला. पोटा २००२ ते २००४. मकोका महाराष्ट्राचा १९९९ चा, मुळात संघटित गुन्हेगारीसाठी. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये एनआयए कायदा आला आणि यूएपीए कडक झाला. यातला खरा फरक कबुलीजबाबाचा. टाडा, पोटा आणि मकोकात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरतो, यूएपीएत नाही. माझ्या मते ही सवलत तपासाला आळशी करते. जबाब हातात आला की बाकीचं गोळा करायची धडपड कमी होते, आणि वीस वर्षांनी जबाब पडला की खाली काहीच उरत नाही.

२००६ च्या निकालाबद्दल एक खुलासा: २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली ती त्या निकालाचा दाखला इतर मकोका खटल्यांत वापरू नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ आलंय, झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण सक्तीचं. कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचंच, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत. निवृत्त_मुद्देमाल यांनी सांगितलेल्या निम्म्या चुका यातून पकडल्या जातील, पण चित्रीकरणाची मूळ फाइल नीट जपली तरच. तिचाही हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) आणि प्रमाणपत्र लागतं.

---

रोहा_रेवदंडा

किनाऱ्याचं पुढचं लिहितो. २६/११ नंतर जबाबदाऱ्या वाटल्या: एकूण सागरी सुरक्षा नौदलाकडे, १२ सागरी मैलांपर्यंतचं क्षेत्र तटरक्षक दलाकडे, किनाऱ्यालगतचं उथळ पाणी सागरी पोलिसांकडे. रडारची साखळी आली, मच्छीमारांना ओळखपत्रं, बोटींना रंग, 'सागर कवच' सराव. वीस मीटर आणि त्याहून मोठ्या बोटींना एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) सक्तीचं.

अडचण वीस मीटरच्या आत आहे. कोकणातल्या बहुसंख्य होड्या त्याहून लहान. रडारला ठिपका दिसतो, पण तो कोणाचा हे कळायला ट्रान्सपाँडर (ओळख कळवणारं यंत्र) हवा. इस्रोचे ट्रान्सपाँडर आता बसवले जातायत. 'कुबेर'सुद्धा कागदोपत्री आपलीच बोट होती हे विसरू नका.

जुलै २०११ अखेर 'पवित' नावाचं हजार टनी सोडून दिलेलं जहाज कोणाला न कळता जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला श्रीवर्धन तालुक्यातच, हरिहरेश्वरला, 'लेडी हान' ही १६ मीटरची बोट तीन एके-४७ आणि काडतुसांसह लागली. ओमानच्या बाजूला बंद पडली, खलाशी वाचवले गेले आणि रिकामी बोट वाहत आली, घातपात नव्हता. पण शेखाडी तिथून लांब नाही. रिकामी बोट येऊ शकते तर भरलेलीही येऊ शकते, आणि ती आधी दिसली ती गावकऱ्यांना. संशयास्पद बोट दिसली तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक. बोटीचं नाव, रंग, नोंदणी क्रमांक, दिशा आणि वेळ एवढं सांगा. जवळ जाऊ नका.

---

मीनल_द

रेल्वेतल्या हल्ल्यात माणूस गेला किंवा जखमी झाला तर भरपाई रेल्वेकडून मिळते की राज्य सरकारकडून? यावर मराठीत नीट माहिती कुठेच नाही.

---

वकिली_डायरी

दोन वेगळ्या वाटा आहेत. सरकारी मदत (केंद्राची दहशतवादपीडितांसाठीची योजना, २०१६ पासून पाच लाख) जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जाते. तिच्यासाठी एफआयआर, मृत्यू किंवा कायम अपंगत्वाचा दाखला, वारसांचे कागद.

रेल्वेची भरपाई मात्र कायदेशीर हक्क आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२३(क) मधल्या 'अनुचित घटने'त दहशतवादी कृत्य स्पष्ट येतं आणि कलम १२४अ प्रमाणे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला आठ लाख. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात, घटनेपासून एका वर्षात. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नये. फलाट तिकीट असलेलाही प्रवासी धरला जातो.

---

मीनल_द

आणि तिकीट किंवा पासच सापडला नाही तर? स्फोटात पाकीटच राहत नाही.

---

वकिली_डायरी

२०१८ च्या रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की केवळ तिकीट मिळालं नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही. वारसाने प्रवासाबद्दल प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग उलट सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर जाते. प्रतिज्ञापत्रात मोघम लिहू नका. कुठून कुठे, किती वाजताची गाडी, नोकरीचं ठिकाण आणि सुटायची वेळ, पास कोणत्या स्थानकावर काढला. पास असेल तर स्थानकाच्या नोंदीतून त्याची माहिती माहिती अधिकारात मागा, मोबाइल ॲपवरचा असेल तर खात्याचा इतिहास काढून ठेवा. मृताच्या अंगावरच्या वस्तूंचा पंचनामा लोहमार्ग पोलिसांकडून लगेच घ्या, त्याची प्रमाणित प्रत दाव्याला जोडा. आणि सगळे मूळ कागद न्यायाधिकरणात देण्याआधी दोन प्रती स्वतःकडे ठेवा.